कारण सांगितले जाणार नाही

अलिबागच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत धनेशचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक काउंटर, एक वाकवता येणारा दिवा, एक स्टूल आणि मागे भिंतभर प्लास्टिकचे डबे. काउंटरवर त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी ठेवली आहे : ‘हातातले गेम दुरुस्त करून मिळतील. बिघाडाचे कारण सांगितले जाणार नाही.’ सुट्टीला आलेली माणसं या पाटीचे फोटो काढतात आणि हसतात. त्यांना वाटतं, हा पुणेरी खवचटपणा इकडेही पोचला. मी शेजारी बसते, म्हणून सांगते. धनेशच्या अंगात खवचटपणा औषधालाही नाही. तो सगळा देवाने माझ्या वाट्याला घातला.

माझं ब्लाउज शिवायचं दुकान. आम्हा दोघांच्या मध्ये प्लायवूडची एक फळी आहे. दर पावसाळ्यात ती फुगते, पोट काढते, पण आवाज काही अडवत नाही. त्याच्याकडे कोण आलं, काय बोललं, शब्द न शब्द मला इकडे मशीनवर बसून ऐकू येतो. आणि ही पाटी लागायच्या आधी ऐकण्यासारखं पुष्कळ असायचं, कारण धनेशसारखा बोलका कारागीर मी पाहिला नव्हता.

गेम आणला की तो आधी कारण सांगायचा, मग दुरुस्ती. गिऱ्हाईक म्हणायचं, बटण लागत नाही. धनेश मागचं झाकण काढून बटणाखालचं रबर उचलायचा आणि रबराखालचा काळा थर दाखवायचा. या थराला आमची हवा लागली की त्यावर ओलसर साय धरते, मग बटण कितीही दाबा, आत काही पोचत नाही. कुणाचा खेळातला माणूस हात न लावता आपोआप एकाच बाजूला चालत सुटायचा. ते त्या अंगठ्याने फिरवायच्या काडीच्या बुडाशी गंज बसल्यामुळे. कुणाची बॅटरी फुगून झाकण वर आलेलं, कुणाच्या चार्जिंगच्या भोकात हिरवा बुरा. आमच्या इथे वारा नुसता ओला नसतो, खारा असतो. माझ्या सुया डबीत ठेवल्या जागी गंजतात, तिथे चिनी बनावटीच्या नाजूक तारांची काय कथा. धनेश ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून आतल्या तारांचा एकेक पाय घासायचा आणि घासता घासता बोलायचा. गिऱ्हाईक घड्याळाकडे बघायचं.

सगळ्यात जास्त तो चिडायचा तांदळावर. भिजलेला गेम तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचा आणि चार दिवसांनी त्याच्याकडे आणायचा, ही इथली घरोघरची रीत. मग हा चिमट्याने चार्जिंगच्या भोकातून कण्या काढत बसायचा. पण तांदूळवाल्यांवर तो पूर्ण चिडू शकत नसे, कारण त्याच्या स्वतःच्या घरी याहून मोठा पराक्रम झाला होता.

धनेशचे वडील नामा हे धरमतरच्या खाडीवरचे मिठागरातले कामगार. धनेश लहान असताना मुंबईच्या मामाने त्याला हातातला एक गेम दिला होता आणि त्याने तो पहिल्याच पावसात भिजवला. पोर रडायला लागलं. नामाने तो गेम उचलला आणि सरळ खडेमिठाच्या पिंपात पुरला. मीठ पाणी ओढतं, हे त्या माणसाला जन्मापासून ठाऊक. बोंबील सुकतात, आंबा मुरतो, मग गेम का सुकणार नाही? दोन-चार दिवसांनी काढला तेव्हा त्याच्या आतल्या पट्टीचा नुसता हिरवा चिखल झाला होता. धनेशने तो स्क्रू काढून उघडला आणि बघत बसला. तो म्हणतो, मी धंदा शिकलो तो बापाच्या त्या पिंपातून. हे सांगताना त्याच्या तोंडावर बापाबद्दल राग नसायचा. बापाने जे हाताशी होतं, ते लावलं.

त्या हिरव्या चिखलातून त्याला एक तत्त्व सापडलं होतं आणि ते तो येणाऱ्या प्रत्येकाच्या कानीकपाळी ओरडायचा. यंत्र पावसात बंद ठेवू नका. आठवड्यातून दोनदा तरी लावा, थोडा वेळ चालवा. चाललं की आतून ऊब येते, ऊब आली की ओल बसत नाही. कपाटात कुलुपात ठेवलेलं यंत्र पहिलं मरतं. लोक हो हो म्हणायचे आणि घरी जाऊन गेम पिशवीत, पिशवी डब्यात, डबा कपाटात ठेवायचे. पावसाळा संपला की पुन्हा दारात.

एवढ्या वर्षांत त्याचं म्हणणं मनावर घेणारं एकच माणूस निघालं. मैना. आणि तिचं वाटोळं त्यातूनच झालं.

मैनाचं माहेर धनेशच्या गावचं, म्हणून तो तिला आत्या म्हणायचा. सासर आक्षीला, नारळी-पोफळीची वाडी. नवरा दयाराम झाडावर चढायला पटाईत होता. दिरांनी मिळून वाडी मुंबईच्या माणसाला विकली तेव्हा दयारामनेही अंगठा दिला, एकट्याने अडून काय करणार होता. वाडीत बंगला उभा राहिला. मालक म्हणाले, तुम्ही कुठे जाता, मागच्या खोलीत राहा, घर सांभाळा. सगळं तोंडी. पुढे दयाराम वारला, मैना राहिली. स्वतःच्या सासऱ्याने लावलेल्या माडांखालचा पालापाचोळा ती दुसऱ्याची नोकरी म्हणून झाडायची. तिला त्यात कमीपणा वाटत नव्हता. मला वाटायचा, पण माझ्या वाटण्याला कोण विचारतो. तिचं म्हणणं एवढंच होतं की झाडं डोळ्यांसमोर आहेत आणि विहिरीचं पाणी तेच आहे. शाळा जवळ म्हणून लेकीची लेक प्राप्ती तिच्याजवळ असायची. तीही त्याच विहिरीवर अंघोळ करून शाळेत जायची.

एका मे महिन्यात मैना बंगल्यातला बंद पडलेला टीव्हीचा रिमोट घेऊन धनेशकडे आली. गावची म्हणून त्याने तो करून दिला आणि सवयीने आपलं तत्त्वही ऐकवलं. आत्या, पाऊसभर बंगला बंद, साहेब येणार न्हाय, मग सगलं मरंल बघ. जे जे हाय ते लावत जा अधूनमधून. मैनाने नीट विचारून घेतलं. फ्रिज? तोही. मिक्सर? तोही, रिकामा फिरव. आणि पोरांचे ते खेलायचे? धनेश हसून म्हणाला, ते तर पहिले. मी फळीच्या या बाजूला होते. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

मैनाने सांगितलं ते अक्षरशः केलं. पाऊसभर रोज संध्याकाळी ती मागच्या खोलीतून बंगल्यात जायची, खिडक्या उघडायची, पंखे लावायची, मिक्सर रिकामा गरगरवायची, टीव्ही लावून समोर न बसता फरशी पुसायची. साहेबांच्या दोन मुलांचे दोन गेम होते, एकाच दिवशी घेतलेले, एक तांबडा आणि एक निळा. तांबडा कपाटात, आणि कपाटाची चावी मुंबईला. निळा हॉलमधल्या खणात. तो कसा चालवतात ते मैनाला येईना. नुसता लावून ठेवला की थोड्या वेळाने झोपी जायचा. म्हणून तिने प्राप्तीला बसवलं. हात धुऊन ये, सतरंजीवर बस, साहेबांचा हाय, सांभालून चालव. पोर रोज तेवढा वेळ खेळायची आणि आजीने हाक मारली की पुसून खणात ठेवायची. त्या पोरीला ते खेळणं होतं हे खरं. मैनाला ते काम होतं, हेही तेवढंच खरं.

दिवाळीच्या सुट्टीत एक गृहस्थ धनेशच्या दुकानात आले. सुजित त्यांचं नाव, हे मला नंतर कळलं. अंगावर साधा पण भारी सुती शर्ट, आवाज मऊ, अहोजाहो. दोन गेम काउंटरवर ठेवले. तांबडा बंद पडलाय म्हणाले, निळ्याचं एक बटण जरा अडतंय. धनेशला ते कुठल्या बंगल्याचे हे माहीत नव्हतं. मैनाच्या साहेबांना त्याने कधी पाहिलं नव्हतं आणि मैना त्यांना साहेब याखेरीज दुसऱ्या नावाने ओळखत नव्हती.

धनेशने दोन्ही उघडले आणि त्याला स्वर्ग दोन बोटं उरला. इतकी वर्षं जे तो घसा फोडून सांगत होता, त्याचा पुरावा कुणीतरी त्याच्या पुढ्यात आणून ठेवला होता. मी मशीनचं पेडल थांबवलं, कारण असा आवाज मी त्याच्या तोंडून पूर्वी ऐकला नव्हता.

“हे बघा साहेब. एकाच वयाचे, एकाच घरातले. तांबडा कुलुपात होता ना? मेला. निळा बाहेर होता, आणि नुसता बाहेर नव्हता, पाऊसभर कुणीतरी रोज चालवलाय. हा रबराखालचा थर बघा कसा घासलाय. रोज गरम झाला म्हणून जगला. ज्याने चालवला त्याचे उपकार माना.”

गृहस्थांनी वाकून निळ्याचं ते बटण बघितलं. मग म्हणाले, आम्ही तर मे महिन्यापासून आलोच नव्हतो. पुन्हा एकदा दाखवता का? धनेशने मोठ्या हौसेने भिंग पुढे केलं. त्यांनी त्या घासलेल्या रबराचा मोबाइलवर फोटो काढला, दोन्ही गेम नीट करून ठेवा म्हणाले, आणि पायरी उतरता उतरता फोन लावला. त्यांचा पहिला शब्द होता, “मैनाबाई.”

फळीपलीकडे धनेशच्या हातातला चिमटा पडल्याचा आवाज झाला. तो उठून पायरीपर्यंत गेला, पण गाडी निघून गेली होती. तो परत आला आणि स्टुलावर न बसता तसाच काउंटरला धरून उभा राहिला. मी तिकडे जाऊन त्याला पाणी दिलं. वास्तविक माझ्या ओठांवर शिव्या आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकान अर्धं लोटून घेतलं आणि तांबडा गेम जिवंत केला. चार्जिंगचा तुकडा नवा, बॅटरी नवी, आतली पट्टी जिथे जिथे हिरवी झाली होती तिथे खरवडून नव्याने कथलाचे डाग दिलेले. असलं काम तो एरवी होत नाही म्हणून परत पाठवतो. त्याच्या डोक्यात एकच होतं, मेलेला गेम चालू करून हातात दिला की माणसाचा राग जाईल. यंत्राच्या बाबतीत हुशार असलेला माणूस माणसांच्या बाबतीत किती ठोंब्या असावा. तो एकटा जाऊन आणखी काही बोलून बसेल म्हणून मी त्याच्या स्कूटरवर मागे बसले.

बंगल्याच्या व्हरांड्यात सुजितसाहेबांनी आम्हाला खुर्च्या दिल्या. पाणी आलं, ते मैनाने आणलं नाही. साहेबांनी तांबडा लावून बघितला, वा म्हणाले, मजुरी विचारली. धनेशने ती घेतली नाही. त्याने हात जोडले आणि एकदाचं बोलून टाकलं.

“साहेब, तिला मीच सांगितलं होतं. सगळं लावत जा म्हणून. चूक असेल तर माझी आहे.”

“तुम्ही लावायला सांगितलं असेल,” साहेब म्हणाले. “खेळायला नाही ना? मी चोरी म्हणत नाही. पण आमच्या मागे आमच्या मुलांच्या वस्तू कुणीतरी वापरतंय, हे बरोबर नाही. शेवटी विश्वासाचा प्रश्न आहे.”

असं ते आवाज न चढवता बोलले. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं. विश्वास म्हणे. सगळ्या घराच्या चाव्या तिच्याकडे आणि कपाटाची तेवढी मुंबईला, हा त्यांचा विश्वास. मी म्हटलं, साहेब, ती नसती तर निळाही मेला असता. ते म्हणाले, एक गेम गेला तर दुसरा आणता येतो. त्यावर मला काही सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. धनेश खुर्चीवरून उठून त्यांच्या पायांशी वाकायला लागला तेव्हा मी त्याला दंडाला धरून मागे ओढलं.

नवी मुंबईची कुठली तरी बंगले सांभाळणारी एजन्सी नेमायचं त्यांनी आधीच ठरवलं होतं. मागच्या खोलीत एजन्सीच्या पोरांची झोपायची सोय व्हायची होती. मैनाला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती, आणि हे सांगताना त्यांना आपण फार उदारपणे वागतो आहोत असं मनापासून वाटत होतं.

आम्ही मागे गेलो. मैना विहिरीजवळ भांडी घासत बसली होती. प्राप्ती खोलीच्या उंबऱ्यात दप्तर मांडीवर घेऊन बसली होती आणि आम्हाला बघून आत गेली. धनेश मैनासमोर उकिडवा बसला. आत्या, म्हणाला. मैनाने एक टोप घासून विसळला, उपडा ठेवला, मग दुसरा घेतला.

“पोरीला मी सांगितला व्हता, हे काम हाय म्हनून,” ती म्हणाली. “आता ती माना विचारते, आजे, आपुन चोर हाव काय? तूच सांग तिला. तुना सगल्याची कारना म्हायती.”

धनेश उठून उंबऱ्यापर्यंत गेला आणि तसाच परत आला. मैनाने त्याच्याकडे पाहिलं नाही, शिव्या दिल्या नाहीत, ती रडलीही नाही. महिना संपायच्या आत ती लेकीकडे तळा गावी निघून गेली. भाताच्या खाचरांचं ते गाव, समुद्र नाही, माड नाहीत. प्राप्तीची शाळा मध्येच बदलली.

त्यानंतर धनेशने पाटी रंगवली. आता तो गेम घेतो, नाव विचारतो, कधी या ते सांगतो. कशाने झालं असं विचारलं की पाटीकडे बोट दाखवतो. गिऱ्हाइकं खूश आहेत. कामं लवकर होतात, कटकट नाही. गल्लीतले म्हणतात, धनेश आता धंद्याला लागला. फळीच्या पलीकडून नुसता ब्रश घासल्याचा आवाज येतो आणि मला दुकानात बसवत नाही.

यंदा पाऊस सरल्यावर अंबाजी नावाचा एक ड्रायव्हर दुकानात आला. सुजितसाहेबांची गाडी चालवतो. त्याने काउंटरवर निळा गेम ठेवला. लागतच नाही म्हणाला. एजन्सीची पोरं चांगली आहेत, कॅमेरे लावलेत, कशाला म्हणून हात लावत नाहीत. धनेशने मान डोलावली आणि संध्याकाळी ये म्हणून सांगितलं.

नेमकी त्याच दिवशी मैना अलिबागला आली होती, कचेरीत निराधारांच्या पगाराचं काम होतं. ती माझ्याकडे आली, प्राप्तीच्या शाळेच्या झग्याचं माप घेऊन. धनेशच्या दुकानावरून आली तरी तिकडे बघितलं नाही. मी चहा मागवला. पोरगी वाढली म्हणाली, अभ्यासात बरी आहे, कुणाच्या घरी गेली की हात मागे बांधून उभी राहते. एवढंच. परत जायला निघाली आणि धनेशच्या काउंटरपाशी तिचे पाय थांबले.

निळा गेम उघडून ठेवलेला होता. आतली पट्टी शेवाळल्यासारखी दिसत होती. धनेश स्टुलावरून उठला.

“हा तं आमचा निला,” मैना म्हणाली. तिने एक बोट पुढे नेलं आणि न लावताच मागे घेतलं. “कोनी लावला न्हाय काय याला पावसात?”

“न्हाय, आत्या.” पाटी लागल्यापासून त्याने कुणाला दिलेलं हे पहिलं कारण.

“मंग मरंलच.” तिने पदर सारखा केला. “व्हत आसंल तं नीट कर. त्याचा काय गुन्हा हाय?”

ती एसटीकडे गेली. धनेशने दिवा वाकवून खाली घेतला, आणि दुपारभर फळीपलीकडून ब्रशचा आवाज येत राहिला. मी दोन ब्लाउजांच्या बाह्या उलट्या लावल्या आणि उसवत बसले.

संध्याकाळी अंबाजी आला. गेम लागला, पडद्यावर उजेड आला, तो खूश झाला. मग त्याने विचारलं, साहेब विचारतील, काय झालं होतं म्हणून सांगू? धनेशने पाटीकडे बोट दाखवलं.

माझ्याने राहवलं नाही. मी फळीला वळसा घालून पुढे आले. म्हटलं, मी सांगते. साहेबांना म्हणावं, गेल्या वर्षी हाच गेम मैनाबाईने जगवला होता. तिला काढलं, म्हणून हा मेला. अगदी याच शब्दांत सांग.

अंबाजीने माझ्याकडे पाहिलं, मग धनेशकडे. बरा माणूस होता. त्याला सगळं समजलं असावं, कारण त्याने नजर खाली घातली आणि गेम पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली.

“ताई, असं सांगितलं तर माझी नोकरी जाईल,” तो म्हणाला. “हवेने झालं म्हणून सांगतो.”